उभ्या माणसांच्या मागे

सांगलीत विश्रामबागच्या सिग्नलला गाडी थांबली होती. फोन वाजला म्हणून सहज बघितलं, तर सिद्धूनं फोटो पाठवला होता. माझ्या कट्ट्यावर सोफे मांडले होते. मंगल कार्यालयात व्याह्यांना बसवतात तसले, पांढऱ्या चादरी घातलेले, पुढे काचेचं टीपॉय आणि त्यावर प्लॅस्टिकची फुलं. गावच्या ग्रुपवर कुणीतरी मोठ्या हौसेनं टाकलेला तो फोटो सिद्धूनं माझ्याकडे ढकलला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, ‘आक्का, आमी निघालोय.’ सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, माझा पाय क्लचवरून भलताच सुटला आणि गाडी बंद पडली. शेजारून जाताना एक रिक्षावाला काहीतरी बोलला. तो जे बोलला ते बरोबरच असणार. मला गाडी परत चालू करून त्यांच्या आधी गावात पोचायचं होतं, कारण सिद्धू ‘आमी’ म्हणत होता आणि त्यातला दुसरा माझा भाऊ होता.

अमृत माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. साताऱ्याच्या तालमीत होता. एका सकाळी, मैदानात नव्हे, साध्या सरावात, ढाकेचा डाव लागला आणि तो चुकीचा पडला. पाठीचा मणका गेला. कंबरेखालचं सगळं तिथंच संपलं. त्याला अकरा वर्षं झाली. आष्ट्याच्या अलीकडे आत वळल्यावर आमचं गाव. पण दवाखाना, व्यायाम घेणारे डॉक्टर, सगळं सांगलीत म्हणून आई त्याला घेऊन माधवनगरला राहायला आली. तेव्हापासून तो गावच्या कुस्तीच्या मैदानाला गेला नव्हता. टीव्हीवर कुस्ती लागली तर तो चॅनेल बदलायचा नाही, पण गाडी वळवून, म्हणजे चाकाची खुर्ची वळवून, आत जायचा. या वर्षी तो यायला तयार झाला तो माझ्यामुळे, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता हे लपवण्यात अर्थ नाही. गावानं जुन्या आखाड्याभोवती सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी बांधायला घेतली, नकाशे मी काढले आणि त्यात खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी एक कट्टा काढला. तो भांडून बांधून घेतला. मग एक दिवस जेवताना अमृतला म्हटलं, येशील का? त्यानं घास संपवला, पाणी प्यायला. म्हणाला, “एकदा येतो. दिसलं तर दिसलं. न्हाई दिसलं तर परत कवा ह्यो विषय काढायचा न्हाई, आक्का. कवाच न्हाई.” आई उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली. तो माझ्याबरोबर यायला मात्र तयार नव्हता. बहिणीच्या गाडीतून मैदानाला कोण जातं? तो तालमीतल्या दोस्ताबरोबर, सिद्धूच्या ओम्नीतून येणार होता. सगळे पैलवान जातात तसा.

कृष्णेवरचा पूल ओलांडला आणि सिद्धूला फोन लावला. तो ‘बोला शेठ’ म्हणाला, म्हणजे अमृत शेजारीच होता. मी म्हटलं, आष्ट्यात चहाला थांब, जरा वेळ काढ, मी पुढे जाऊन बघते. तो म्हणाला, व्हय शेठ, बघतो. मागून अमृतचा आवाज आला, कोण रं? आणि फोन बंद झाला. आता माझ्यापुढे दिग्रजपासूनच उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकामागे दोन जोडलेल्या, डावीउजवीकडे हलत, मागे लाल फडकं लावून निवांत चाललेल्या. ओव्हरटेक करायला जावं तर समोरून दुसरी. मी कधी शिव्या देत नाही, त्या दिवशी दिल्या. काचा बंद असल्यामुळे कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

मला तो कट्टा काढताना आलेला राग आठवत होता. राग कुणावर, हे तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. काम सुरू व्हायच्या आधी अमृतची जुनी खुर्ची डिकीत घालून मी गावात नेली आणि आखाड्याच्या कडेला तिच्यात बसले. त्या दिवशी मैदान नव्हतं, नुसते वस्ताद आणि पोरं होती. बसल्याबरोबर जग बदललं. मघाशी माझ्याशी ‘मॅडम, मॅडम’ करत बोलणारी माणसं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागली. मला दिसायला लागले कमरेचे पट्टे, विजारीच्या खिशातून वर आलेले मोबाईल, मागे बांधलेले हात. आखाडा कुठेतरी त्या पलीकडे होता. अमृत अकरा वर्षं हेच बघतोय, पट्टे आणि खिसे, हे मला कळलं. आणि त्याच वेळी हेही जाणवलं की हे मी आधी बघितलंय. लहानपणी आमच्या गावात बायका-मुलींनी मैदानाला जायची पद्धत नव्हती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, अमृतला खांद्यावर घेऊन जायचे आणि मी रसवंतीच्या गाड्यामागे, पुरुषांच्या ओल्या सदऱ्यांमागे उभी असायची. हलगी वाढली की समजायचं, काहीतरी झालं. अमृत अण्णांच्या डोक्यावर तबला वाजवत ओरडायचा, त्याचे पाय मला दिसायचे. घरी आल्यावर तो मला सगळी कुस्ती अंगणात करून दाखवायचा, दोन्ही पैलवान तोच व्हायचा.

बसलेल्या माणसाला बसलेल्यांच्या डोक्यावरून दाखवणं सोपं असतं, ते कुणीही आर्किटेक्ट करतो. पुस्तकात आकृती असते. पण कुस्तीला माणसं बसून राहत नाहीत. डाव लागायच्या क्षणी, ज्याच्यासाठी माणूस दुपारपासून उन्हात बसलेला असतो त्याच क्षणी, सगळं मैदान एकदम उभं राहतं. म्हणजे खुर्चीतल्या माणसाला उभ्यांच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे, फेट्यांच्या तुऱ्यांवरूनसुद्धा. म्हणून मी कट्टा गॅलरीच्या मध्यावर घेतला आणि चांगला उंच उचलला. एवढ्या उंचीवर खुर्ची स्वतःच्या हातांनी चढायची तर उतार लांबलचक लागतो. तो मी आखाड्याला अर्धा वळसा घालून नेला. कठडा असा घेतला की त्याची नळी डोळ्याच्या आड येणार नाही. प्रत्येक खुर्चीशेजारी एक साधी बैठक ठेवली, कारण कुस्ती कुणी एकटं बघत नाही, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारत बघतात. यात्रा कमिटीचे अध्यक्ष उदयसिंहआबा त्या उताराकडे बघून कितीतरी दिवस हळहळत होते, की पोरी, एवढ्या जागेत दोनशे माणूस बसलं असतं. मी ऐकलं नाही. आता ट्रॉलीच्या मागे रांगताना मला वाटत होतं, मी इतका विचार केला, तुऱ्याचासुद्धा केला, आणि एवढी ढळढळीत गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही? आमच्या भागात उंच बांधलेल्या जागेला एकच अर्थ असतो. ते व्यासपीठ असतं. त्यावर मानाची माणसं बसतात.

मी पोचले तेव्हा खालच्या पायऱ्या भरल्या होत्या, पोरांच्या जोड्या लागायला सुरुवात झाली होती, हलग्या घुमत होत्या. उदयसिंहआबा मला बघून खुलले. त्यांना खरोखर वाटत होतं की मी कौतुक करायला आलेय. त्यांनी मला हाताला धरून कट्टा दाखवला, जणू तो मी बघितलाच नव्हता. तालुक्यातले जुने पुढारी, निवृत्त झालेले दोन वस्ताद, कुठल्याशा दूध संघाचे अध्यक्ष, अशी सात-आठ माणसं आधीच सोफ्यांवर बसून सरबत पीत होती. सगळी वयस्क, सगळ्यांना भगवे फेटे. मी आबांना बाजूला घेतलं. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला. मी विचारलं, ही जागा कुणासाठी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

“आगं पोरी, चिडू नगंस,” आबा म्हणाले. “त्यांची सोय केलीया की. तिकडं बघ, पार मातीजवळ. हात लावला तर पैलवानाला लागंल एवढं जवळ. ती खरी मानाची जागा. आन् हे पावणे म्हातारे, गुडघे गेल्यात त्यांचे. तू उतार असा झ्याक केलाईस की एकाला हाताला धरायला लागलं न्हाई. सगळी तुजं नाव काढाय लागल्यात.”

मातीजवळ खरंच चुन्याची एक चौकट आखली होती. तिच्यात दोन माणसं आली होती, एक तीनचाकी सायकलवर, एक कुबड्या मांडीवर घेऊन. त्यांच्या मागेपुढे, डावीउजवीकडे पोरांनी आत्ताच गर्दी केली होती आणि मला इतक्या लांबून त्यांचे फक्त केस दिसत होते. त्या दोघांना नारळ आणि फेटा देऊन आखाड्यात सत्कार करायचाही बेत होता, आबांनी तेही आनंदानं सांगितलं. मला त्यांच्यावर ओरडता येईना. त्यांच्या मनात पाप असतं तर किती बरं झालं असतं! मी फक्त म्हटलं, अमृत येतोय. आबांचा चेहरा एकदम उतरला. अण्णांचे ते जोडीदार होते, अमृतला त्यांनी लंगोट बांधायला शिकवला होता. ते सोफ्यांकडे बघत राहिले. पाहुण्यांना आता उठवता येणार नाही हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. शेवटी आमचं ठरलं ते असं, की सोफे पार पुढे कठड्याला लावायचे आणि मागे खुर्च्यांना जागा करायची. मातीजवळच्या त्या दोघांनाही वर आणायचं. मी मनातल्या मनात खुर्चीतल्या डोळ्यापासून मातीपर्यंत रेघ ओढून बघितली. बसलेल्या पाहुण्यांच्या फेट्यांवरून माती दिसत होती, काठोकाठ का होईना. बसलेल्या. मी आबांना म्हटलं, ही माणसं उभी राहता कामा नयेत. आबा म्हणाले, गुडघे गेल्यात म्हणलं न्हवं? ती कशाला उठत्यात.

सोफे अजून सरकवत होते तेवढ्यात उताराच्या तोंडाशी ओम्नी थांबली. अमृतनं पांढरा सदरा घातला होता. सिद्धूनं खुर्ची उतरवली, अमृत दारातून तिच्यात सरकला आणि सिद्धूनं मागून धरायला हात पुढे केला तो त्यानं झटकला. तो उतारानं वर यायला लागला. मी वरून बघत होते. चाकावर त्याचे हात पडत होते, सुटत होते, पडत होते, मान खाली होती. उताराच्या कडेला बसलेली माणसं बोलायची थांबली. आधी जवळची, मग त्यांच्या पलीकडची, मग गॅलरीचा तो सगळा भाग. कुणीतरी हात जोडले. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. ही शांतता मला घरातली ठाऊक होती. आमच्या घरात अमृतवर कुणी चिडत नाही. मागे एकदा त्यानं रागानं ताट भिंतीवर मारलं होतं आणि आईनं ‘असू दे, असू दे’ म्हणत भात गोळा केला होता. तेव्हा तो आईच्या पाठीकडे ज्या नजरेनं बघत होता तिला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. दुकानदार त्याच्याशी घासाघीस करत नाहीत. जुने दोस्त त्याला शिवी देत नाहीत, सिद्धूसुद्धा नाही. मीही लहान पोराशी बोलावं तशी बोलते. आणि आता सगळं गाव तसं बघत होतं, आणि तो उतार मी इतका लांब, इतका सगळ्यांना दिसेल असा बांधला होता.

वर आल्यावर आबा फेटा घेऊन पुढे झाले. अमृत म्हणाला, “मी कुस्ती बघाय आलोय, आबा.” आबांनी फेटा काखेत धरला आणि उगाच हसले. अमृतनं सोफ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मातीजवळून वर आणलेल्या त्या दोघांच्या शेजारी त्यानं चाकं लावली, ब्रेक ओढला. सिद्धू एका बाजूला बसला, मी दुसऱ्या. पुढे फेट्यांची भिंत होती आणि तिच्यावरून मातीचा लाल तुकडा दिसत होता. तो मान उंच करून त्या तुकड्याकडे बघत राहिला. हळूहळू लोक परत बोलायला लागले.

पुढच्या जोड्या कशा झाल्या ते मला सांगता येणार नाही. मी फेटे बघत होते. एखादा पाहुणा जरा पुढे झुकला की मी बैठकीच्या कडेला सरकायची. दूध संघाचे अध्यक्ष अंगानं थोराड होते, नेमके अमृतच्या समोर, आणि त्यांचा तुरा पंख्यासारखा पसरलेला. अमृत त्यांच्या डाव्या कानाकडून बघत होता. मधूनच तो पुटपुटायचा, पट काढ, पट काढ, आरं सोडलास की. त्याचे हात मांडीवर, मेलेल्या मांडीवर, आवळत होते, सुटत होते. एकदा त्यानं सिद्धूच्या पाठीत थाप मारली. मला ओरडावंसं वाटलं, दिसतंय ना, अमृत? पण मी विचारलं नाही. विचारलं तर तो उत्तर देईल अशी भीती वाटत होती.

दिवे लागले आणि शेवटची जोड आली. एक पोरगा शिराळ्याकडचा, एक साताऱ्याचा, अमृतच्या तालमीतला. अमृत त्याला ओळखत नव्हता, तो तालीम सोडून निघाला तेव्हा हा पोरगा शाळेत असेल, पण त्या पोरानं मातीला हात लावून कपाळाला लावला त्या पद्धतीवरून अमृतनं ओळखलं आणि सिद्धूला म्हणाला, आपलाय. बराच वेळ नुसती खडाखडी, एकमेकांची ताकद अजमावणं, चाललं होतं. हलगी दबून वाजत होती. मग एकदम काय झालं ते दिसलं नाही, कारण दूध संघाचे अध्यक्ष गुडघ्यांवर हात न टेकवता ताडकन उभे राहिले. त्यांच्या शेजारचे वस्ताद उठले. मग सगळा सोफा उठला. समोर फक्त पांढरी पाठ होती, घामानं मधोमध ओली झालेली.

हलगी पेटली. मैदानातून एक मोठा आवाज वर आला. मी उठले, पुढे झाले, म्हटलं, बसा ना, प्लीज, मागे दिसत नाही. कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. आमच्या मागच्या पायऱ्यांवरच्या लोकांनाही पाहुण्यांमुळे दिसेनासं झालं होतं. तिकडून आरडाओरडा सुरू झाला, “खाली बसा, ओ फेटेवाले, खाली बसा.” पाठोपाठ मुरमाची ढेकळं आली. आमच्याकडे मैदानात ही रीतच आहे, पुढचा उठला की मागचा ढेकूळ हाणतो, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. एक ढेकूळ वस्तादांच्या पाठीवर फुटलं, एक सोफ्यावर, एक अमृतच्या चाकाला लागून थांबलं. आणि मागून कुणीतरी ओरडलं, “आरं हाणू नगासा. अमृतला लागंल.” लगेच दुसऱ्यानं तेच म्हटलं. ढेकळं थांबली. लोकांनी हात खाली केले, अगदी समजूतदारपणे. पाहुणे तसेच उभे. त्यांना कुणी काही करणार नव्हतं, कारण त्यांच्या मागे माझा भाऊ होता.

मी त्याच्याकडे बघितलं. आता तो म्हणेल, चल, सिद्धू. तो ब्रेक सोडेल, खुर्ची वळवेल आणि त्या लांबलचक उतारावरून खाली जाईल, आणि माधवनगरच्या त्या खोलीतून परत कधी बाहेर येणार नाही. आणि मी ते बांधून दिलेलं असेल. तो वाकला. मला वाटलं ब्रेकसाठीच. त्यानं चाकाजवळचं ढेकूळ उचललं आणि अध्यक्षांच्या फेट्यावर मारलं. तुरा एका बाजूला कलंडला. अध्यक्ष गर्रकन वळले, चेहरा लाल, “कोण रं त्यो?” म्हणून तोंड उघडलेलं, आणि मग त्यांना खुर्ची दिसली. तो लाल रंग माझ्या डोळ्यांदेखत ओसरला. भुवया खाली आल्या, ओठ मऊ झाले, दोन्ही हात जुळायला लागले. “बाळा,” ते म्हणाले, “काय पायजे का तुला?” मला तो चेहरा ओरबाडून काढावासा वाटला.

अमृतनं शेजारचं दुसरं ढेकूळ उचललं आणि त्यांच्या छातीवर हाणलं. इस्त्रीच्या सदऱ्यावर लाल डाग फुटला. “बस म्हणतोय न्हवं खाली,” तो ओरडला, आणि त्यापुढे त्यानं अशी एक शिवी दिली की जी मी त्याच्या तोंडून तो साताऱ्याला जायच्या आधी शेवटची ऐकली होती. “कुस्ती बघू दे की मर्दा.”

अध्यक्षांचे हात जुळता जुळता सुटले. “ए,” ते म्हणाले, “माजलास व्हय रं? वय बघ माजं, आन् अंगाव ढेकळं टाकतोस? तुज्या बापाचा कट्टा हाय का?” “आमच्या आक्काचा हाय,” अमृत म्हणाला, “बसा खाली.” मागच्या पायऱ्यांवर हशा फुटला आणि लगेच पाहुण्यांवर ढेकळांचा पाऊस सुरू झाला, या वेळी कुणीही नेम धरायची काळजी घेतली नाही, एक अमृतच्या खांद्यावर फुटलं आणि त्यानं मागे वळून हाणणाऱ्यालाही शिवी घातली, आणि मागून त्याला शिवी परत आली, भरघोस, सगळ्या नात्यागोत्यासकट. अध्यक्ष पुटपुटत, डोळे वटारत, फेटा सावरत खाली बसले. त्यांच्या मागोमाग सगळे बसले. ते अमृतवर खरंच चिडले होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या त्यांच्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा एक माणूस माझ्या भावावर चिडला होता, मनापासून, काही हातचं न राखता, आणि मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं.

मला रडू आवरेना. मी उभीच होते, अमृतच्या पुढे झाले होते, त्याच्या खांद्यावरची माती झटकत होते, त्याला लागलंय का बघत होते, काहीतरी बडबडत होते. हलगीचा आवाज टिपेला पोचला होता. त्यानं माझा हात मनगटाला धरून बाजूला केला. त्याची नजर माझ्या कमरेच्या आडून पलीकडे जायला धडपडत होती.

“आक्का,” तो खेकसला, “तू बी बस की खाली.”

मी बसले.